घाण्याच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहून घेतला: आधी पॅकेज, मग माणूस

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ, जवस, खोबरं एवढंच काढतो. गिऱ्हाईक बहुतेक दारावरचं, उरलेलं व्हॉट्सअॅपवरचं. वेबसाइटचं खूळ मुलाचं. तो पुण्यात नोकरीला, आणि त्याच्या ऑफिसातली माणसं "आईकडून तेल आणतोस का" म्हणून त्याच्या मागे लागलेली. दोन रविवारांत त्याने साइट उभी केली आणि म्हणाला, "आई, आता कंटेंट लागेल."

कंटेंट म्हणजे काय हे कळायला मला दीड वर्ष लागलं आणि दोनदा पैसे मोजावे लागले. कुणी घाणेवाला, मसालेवाली, पापडवाली याच वाटेला लागली असेल तर उपयोगी पडावं म्हणून दोन्ही अनुभव लिहिते. पहिल्या कंपनीचं नाव घेत नाही, मला भांडण नकोय. दुसरी एकटीने काम करणारी मुलगी आहे. तिच्याकडे आधीच कामं तुंबलेली असतात, म्हणून तिचंही नाव नाही.

पॅकेज घेतलं २०२४ च्या उन्हाळ्यात. महिन्याला दहा असे तीन महिन्यांत तीस लेख, प्रत्येक लेख हजार शब्दांचा, सगळे मिळून अठरा हजार रुपये. वर "गूगलच्या पहिल्या पानावर आणायची गॅरंटी". पहिल्या नंबराची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलने आपल्या मदतीच्या पानांवर स्वतःच लिहून ठेवलंय. ते मी वाचलं सहा महिन्यांनी. तेव्हा मी हिशोब केला तो एवढाच, की लेख सहाशे रुपयाला पडतो. स्वस्त वाटला.

त्यांनी एक फॉर्म भरून घेतला आणि एकदाच फोन केला. घाणा कशावर चालतो, दाणे कुठून येतात, तेल किती दिवस निवळू देता, यातलं काहीही विचारलं नाही. मीच सांगायला गेले तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते आमची टीम रिसर्च करते."

टीमने केलेला रिसर्च असा. तीसपैकी बावीस लेखांची सुरुवात "आजच्या धावपळीच्या युगात" अशी. मी मोजले, माझ्याकडे दुपारी वेळ असतो. "सोलापूरमधील सर्वोत्तम लाकडी घाणा तेल" हे शब्द एका पानात एकोणीस वेळा. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं, यात अभंग कुठाय? नुसतंच पालुपद म्हणतोय हा."

लेख मूळचे इंग्रजी असावेत आणि कुठल्याशा यंत्रातून मराठी केलेले. 'कोल्ड प्रेस्ड'चं झालं होतं 'थंड दाबलेले तेल'. हे एक वेळ चाललं असतं. पण करडईच्या लेखात करडईच नव्हती. इंग्रजीतलं सॅफ्लॉवर आणि सॅफ्रन यांत गल्लत होऊन आमच्या करडईचं केशर झालं होतं. "काश्मीरच्या खोऱ्यात पिकणाऱ्या या मौल्यवान फुलांपासून काढलेले तेल", दर लिटरला अमुक. त्या भावात केशराचं तेल मिळत असेल तर मीच रांगेत पहिली उभी राहीन.

दोन गोष्टींनी मात्र पोटात गोळा आला. एक म्हणजे शहरांची पानं. पुण्यातील सर्वोत्तम, नाशिकमधील सर्वोत्तम, साताऱ्यातील सर्वोत्तम, अशी बारा पानं. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं, आणि नाशिकच्या पानात एका ठिकाणी सातारा तसाच राहिलेला. नाशिकला आमचं दुकान सोडा, ओळखीचं माणूस नाही. अशा पानांना गूगलच्या स्पॅमच्या नियमांत वेगळं नावच आहे, डोअरवे. माणसाला फशी पाडून एकाच दाराशी आणण्यासाठी उभी केलेली खोटी दारं.

दुसरी गोष्ट औषधाची. जवसाच्या लेखात लिहिलेलं, की या तेलाने मधुमेह आणि सांधेदुखी बरी होते. माझ्याकडे अन्नपदार्थाचा परवाना आहे. अमुक खाल्ल्याने तमुक रोग बरा होतो, असा दावा खाद्यपदार्थ विकणाऱ्याने करायचा नाही, हे अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत स्वच्छ आहे. तो लेख मी रात्री अकरा वाजता मुलाला फोन करून काढायला लावला. "कोलेस्टेरॉलमुक्त" हा शब्द तर तीसही लेखांत होता. कोलेस्टेरॉल येतं दूध, अंडी, मटण यांतून. बियांच्या तेलात त्याचा प्रश्नच येत नाही, मग ते माझं असो की दुकानातलं रिफाइन्ड. आमचं मीठ बिनसाखरेचं आहे म्हणून पाटी लावण्यातली ही गत.

फळ काय मिळालं? मुलाने सर्च कन्सोल उघडून दाखवलं. हे गूगलचं फुकटातलं साधन आहे. आपली पानं कुणाला किती वेळा दिसली, कुठले शब्द टाकल्यावर दिसली, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, हे त्यात कळतं. तीसपैकी एकवीस पानांसमोर एकच शेरा: पाहिलं, पण सध्या यादीत घेतलेलं नाही. म्हणजे गूगल दारापर्यंत आलं, डोकावलं आणि निघून गेलं. उरलेल्या नऊ पानांवर तीन महिन्यांत चार क्लिक, त्यातले दोन माझ्या बहिणीचे.

मुलाने मग इतिहास सांगितला. असा पोकळ मजकूर मागे ढकलायला गूगलने २०११ मध्ये सुरुवात केली, त्या बदलाला पांडा म्हणत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये माणसांच्या कामाचा मजकूर वर आणण्यासाठी आणखी एक यंत्रणा आणली, ती २०२४ च्या मार्चमध्ये मुख्य यंत्रणेत मिसळून टाकली. त्याच मार्चमध्ये, केवळ नंबर लावण्यासाठी ढिगाने पाडलेली पानं स्पॅम धरू, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने, असा नियम छापला. म्हणजे मी उन्हाळ्यात पैसे भरले तेव्हा शाई वाळलेली होती. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

पैसे परत मागितले. "एसईओला वेळ लागतो" असं उत्तर आलं. एसईओ म्हणजे साइट गूगलवर वर आणायचं काम. यात खरंही आहे, म्हणून तर ते उत्तर इतकं चालतं.

आता दुसरी सेवा. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची भाची पुण्यात हेच काम करते. तिने सांगितलेला दर ऐकून मी फोन ठेवणारच होते: पाच पानांचे पंचवीस हजार. शिवाय अट, की एक अख्खा दिवस घाण्यावर बसणार. मी म्हटलं, बसून काय करणार? म्हणाली, "काकू, तुम्ही बोलाल, मी ऐकेन."

रात्रीच्या गाडीने आली, सकाळी सातला घाण्यावर हजर. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, चटणीचं प्रमाण लिहून घेतलं (ते साइटवर टाकलेलं नाही, घरी करून बघितलं असावं) आणि दाण्याच्या पोत्यावर बसली. पहिलं काम म्हणजे माझा फोन मागितला. गिऱ्हाइकांनी सहा महिन्यांत व्हॉट्सअॅपवर काय काय विचारलं ते वर सरकवत वाचत गेली आणि वहीत उतरवत गेली. तळताना फेस का येतो. फ्रिजमध्ये ठेवलं तर गढूळ झालं, भेसळ आहे का. १५ किलोचा डबा म्हणजे किती लिटर. पेंड मिळेल का. एवढं महाग का. आणि एक प्रश्न, जो मी कायम टाळत आले: घाण्यात पाणी घालता हे खरं का?

ती वही बघून मला पहिल्यांदा कंटेंट म्हणजे काय ते उमगलं. ही सगळी उत्तरं मी दिवसातून पाच वेळा देते, एका हाताने डबा भरत. ती कुठे लिहून ठेवावीत असं कधी मनातही आलं नव्हतं.

"महाग का" याचं उत्तर मी नेहमी "अहो, शुद्ध आहे" असं द्यायची. तिने ते घेतलं नाही. वजनकाट्यावर दहा किलो दाणे मोजायला लावले, घाण्यात टाकायला लावले आणि शेवटपर्यंत उभी राहिली. चार लिटर आणि वर वाटीभर तेल निघालं, पेंड सव्वासहा किलो. म्हणजे लिटरला अडीच किलोच्या आसपास दाणे. करडईला तर साडेतीन-चार किलो बी लागतं. त्या दिवशीचा दाण्याचा भाव गुणिले अडीच, वीज, मजुरी, बाटली, आणि वजा पेंडीचे पैसे, असा हिशोब तिने पानावर मांडला. पूर्वी भावावरून घासाघीस करणारे अर्धे तरी आता ते पान वाचून येतात.

मजकूर हातात आल्यावर मात्र मी भडकले. डब्याचं पान मोजून साडेतीनशे शब्दांचं! सहाशे रुपयांत हजार शब्द मिळत होते, इथे पाच हजारांत साडेतीनशे? ती म्हणाली, किती शब्द हवेत असा गूगलचा काही नियम नाही, विचारणाऱ्याचं काम झालं की पान संपलं. आणि खरंच, त्या पानाला आणखी काय लागणार? तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर शेंगदाणा तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणून १५ किलोच्या डब्यात १५ लिटर नसतात, जवळपास साडेसोळा असतात. मग किलोच्या भावावरून लिटरचा भाव कसा काढायचा त्याचं एक उदाहरण. झालं.

खरी वादावादी पाण्यावरून झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी घाण्यात दाणे भरडताना मध्येच पाण्याचा हबका मारावा लागतो, त्याशिवाय भुगा नीट धरत नाही आणि तेल सुटत नाही. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. नंतर तेल निवळायला ठेवायचं, पाणी आणि गाळ तळाशी बसतो, वरचं तेल काढून घ्यायचं. घाई केली तर ओल राहते, तेल कढईत तडतडतं आणि लवकर खवट होतं. यात लपवण्यासारखं काही नाही. पण "आम्ही घाण्यात पाणी घालतो" असं साइटवर लिहायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं माझं मत. तिचं म्हणणं, लोक हा प्रश्न गूगलला विचारतातच, उत्तर दुसऱ्या कुणीतरी अर्धवट देण्यापेक्षा तुम्ही द्या. दोन दिवस मी अडून बसले. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "खरंय ना? मग लिहू दे की."

आज फोनवर लोक ज्या पानाचं नाव काढतात ते हेच.

बारीकसारीक कामंही तिने केली. मुलाने साइटच्या पोटात कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाकतात त्या शब्दांची, लांबलचक यादी कोंबली होती, ती काढली. त्या यादीकडे आम्ही बघत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय म्हणे. फोटोंना नाव म्हणून मोबाइलने दिलेले आकडेच होते, तिथे "बाभळीची लाट आणि उखळ", "निवळायला ठेवलेलं करडईचं तेल" असं साध्या शब्दांत लिहिलं. लोक इंग्रजी अक्षरांत घाणा, घाना, घाणी काय वाटेल ते लिहितात, ते सगळं पानात भरू का, असं मुलगा विचारत होता. तिने भरू दिलं नाही. 'कच्ची घानी' हा शब्द तर मुद्दाम टाळला. तो शोधणाऱ्याला बहुतेक मोहरीचं तेल हवं असतं, तो आपल्या दारात आला तरी रिकाम्या हाताने जाणार. असला विचार त्या पॅकेजवाल्यांनी सात जन्मांत केला नसता.

तिने सांगितलेली एक गोष्ट डोक्यात बसली. गूगल आपल्या परीक्षकांना पानं कशी तपासायची याची एक मार्गदर्शिका देतं. त्यात जाणकारी, अधिकार, विश्वास हे होतंच, २०२२ च्या डिसेंबरात अनुभव हा शब्द वाढवला. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का? "काकू, तुमच्याकडे एवढी एकच गोष्ट इतरांपेक्षा जास्त आहे," असं तिचं म्हणणं. एकच म्हटल्याचा थोडा राग आला.

जुन्या तीस पानांपैकी अठ्ठावीस तिने उडवली. अठरा हजार रुपये डोळ्यांदेखत पुसले जाताना बघणं सोपं नसतं. बारा शहरांच्या बदल्यात एक पान उरलं: कुठे कुठे पार्सल जातं, किती दिवस लागतात, बाटली फुटली तर काय.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. कबूल केलेल्या तारखेच्या तीन आठवडे उशिरा काम दिलं, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर. तिचा पहिला खर्डा पुस्तकी होता: "तेल गाळले जाते", "उत्पादन प्रक्रिया". आमच्याकडे तेल निवळतं. मी लाल पेनाने दुरुस्त करून फोटो पाठवले, तेव्हा तिची भाषा ताळ्यावर आली. विशेषणांशी तर तिचं वैरच. 'अस्सल' शब्द तिने सात ठिकाणचा काढला. एका ठिकाणी मी परत घातलाय, तिला अजून कळलेलं नाही.

आणि करडई. शोधणारे थोडे आहेत म्हणून तिने करडईला पान द्यायचंच नाकारलं. मला हे पटेना. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकाचं तेल म्हणजे करडईच. कोरडवाहू रानात ज्वारीसोबत यायची, पानाला काटे इतके, की काढणीला हाताला फडकी गुंडाळून जावं लागायचं. मी हट्टाने सहावं पान लिहून घेतलं, पाच हजार वेगळे मोजून. त्याला महिन्याला तीस-पस्तीस माणसं येतात. पण त्यातले बरेचसे पुण्या-मुंबईला गेलेले सोलापूर-लातूरकडचे लोक, आणि ते पाच लिटरच्या खाली मागवत नाहीत. यात मी जिंकले, आणि हे तिनेही मान्य केलंय.

आठ महिन्यांनंतरचा हिशोब सांगते. आता महिन्याला चारशेच्या आसपास क्लिक. यातले निम्म्याहून जास्त डब्याच्या पानावर, आणि ती माणसं माझी गिऱ्हाइकं नव्हेत. केटरिंगवाले, हॉटेलवाले, किलोचं लिटर करायला आलेले. उत्तर घेतलं की गेले. हल्ली तेही कमी होतायत, कारण ते गणित आता गूगल स्वतःच वर सोडवून दाखवतं, पानावर यायची गरजच पडत नाही. पाण्याच्या पानावर मात्र माणूस येतो, थांबतो आणि बहुतेक वेळा फोन करतो. महिन्याला वीस-बावीस नवी घरं जोडली जातात. तेवढी मला पुरतात, घाणा एकच आहे.

गुण द्यायचे तर पॅकेजला पाचपैकी अर्धा, तोही बिल व्यवस्थित दिलं म्हणून. मुलीला चार. एक उशिरासाठी कापला. सर्च कन्सोलला पैसे पडत नाहीत म्हणून पाच दिले असते, पण ते सोळा महिन्यांपुरताच हिशोब ठेवतं. माझ्या वहीत २००९ पासूनचा आहे.

मागच्या आठवड्यात नागपूरहून एका गृहस्थांचा फोन आला. पाण्याचं पान वाचलेलं. म्हणाले, "ताई, थोडं पाणी असं लिहिलंय, थोडं म्हणजे किती?" मी म्हटलं, अंदाजाने. ते म्हणाले, "वजनं एवढी काटेकोर दिलीत, मग हेच का सोडलं?" मी तिला कळवलं. तिचं उलट उत्तर आलं, "काकू, खरंच किती?"

तीस वर्षं हबका मारतेय, मोजलं कधीच नाही. उद्या पहिल्या घाण्याला मापटं घेऊन उभी राहणार आहे.